वांगणीच्या वरकशीवर नऊ होल : डोंगरी डिस्क गोल्फची एक सकाळ

चौथ्या होलवर माझी दुसरी फेक लक्ष्य म्हणून रोवलेल्या बांबूपासून दोन हातांवर पडली. पडली, पण थांबली नाही. चकती कडेवर उभी राहिली, जरा डुलली आणि चाकासारखी गडगडत उताराला लागली. गवताची खुंटं तिला अडवतील असं वाटलं होतं. एका दगडावर आपटून तिने उलट वेगच घेतला आणि थेट करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. खाली जाऊन पावलं मोजली तर बेचाळीस भरली. तेवढीच पावलं परत वर चढायची, तीही चकती फेकत. दोन हातांवरून तो होल संपवायला मला आणखी पाच फेकी लागल्या.

हे सगळं लिहिते आहे ते जानेवारीत तिथे येणाऱ्या आमच्याच मंडळींसाठी, आणि स्वतःच्या ओळखीच्या डोंगरउतारावर असा खेळ मांडायचा असेल त्यांच्यासाठी. आम्ही पाच जण दादर-माहीमकडचे. ओहोटी बघून चौपाटीवर अल्टिमेट, म्हणजे चकतीचा (फ्रिस्बीचा) सांघिक खेळ, खेळतो. सपाट वाळू, समुद्राचा वारा, एवढीच आमची सवय. डिस्क गोल्फचा हिशेब सोपा आहे : गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी चकती आणि खळग्याऐवजी साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी फेकींत जो पोचला तो जिंकला. मैदानात हे चटकन जमतं. डोंगरावर मात्र चकती पोचवण्याइतकंच तिला तिथे थांबवायचं काम असतं आणि आमची सगळी सकाळ ते शिकण्यात गेली.

जागा आमच्यातल्या एका मित्राच्या मामांची. वांगणी स्टेशनापासून रिक्षाने वीसेक मिनिटं, मग थोडं चालणं. खाली भाताची खाचरं, वर वरकस, म्हणजे पूर्वी नाचणी-वरी व्हायची ती उताराची जमीन. आता तिथे फक्त गवत वाढतं आणि दिवाळीनंतर कापलं जातं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जमीन मामांची आहे आणि कोण येणार हे त्यांनाच ठरवू द्यावं. त्यांना आधी फोन केला तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या, "गवत कापून झाल्यावर या, आणि विडीकाडी वर नेऊ नका." दोन्हींमागे कारण आहे. गवत उभं असताना चकती पाच पावलांवर पडली तरी दिसत नाही. आणि एक ठिणगी पडली की सुक्या उतारावर वणवा आवरत नाही.

म्हणून हंगाम नोव्हेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. मार्चपासून ऊन सोसत नाही आणि शेतांत राबाची भाजणी, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळणं, सुरू होते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा विचारही करू नका.

रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून घ्या. आम्ही शनिवार धरला. दादरहून पहाटेची कर्जत लोकल पकडली की वांगणीला साधारण दीड तास लागतो. बदलापूर लोकलमध्ये चुकून बसू नका, ती एक स्टेशन अलीकडेच संपते. आमच्याकडे घडीच्या दोन बास्केट होत्या, गोणपाटात गुंडाळून मालडब्यातून नेल्या. डब्यात भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "ह्ये काय, पिंजरा हाय का?" साखळ्या दाखवल्या, तर त्यांनी हात लावून वाजवून बघितल्या.

नऊ होलांना दोन बास्केट कशा पुरणार? बाकी सात ठिकाणी मामांनी दिलेले बांबू रोवले आणि छातीच्या उंचीवर लाल फडकं बांधलं. फडक्याच्या खाली चकती बांबूला लागली की होल पूर्ण. दुसऱ्याच होलवर भांडण जुंपलं : लागली की नाही लागली? आवाज आला म्हणे दोघांना, तिघांना नाही आला. हे भांडण या खेळाइतकंच जुनं आहे. १९७५ मध्ये एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स मांडला तेव्हा तिथेही नुसते खांबच होते. मग त्यांनी साखळ्यांची बास्केट काढली, १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि वाद मिटला, कारण चकती एकतर आत राहते नाहीतर राहत नाही. या माणसाचा जीव खेळात इतका होता की २००२ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थींची राख चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळली गेली. मला हे वाचून काही दिवस झाले, तरी साखळी वाजली की आठवतं.

आमचे पहिले तीन होल चढाचे होते. पहिला खाचरांच्या बांधांवरून, ५५ मीटर, सोपा. तिसरा ७० मीटरचा, पण बांबू आपल्यापेक्षा वीसेक मीटर उंच. इथे एक ठोकताळा कामी येतो : चढ एक मीटर असेल तर अंतरात तीन मीटर वाढवून धरायचे, उतार असेल तर तेवढेच वजा करायचे. म्हणजे हा होल खेळायला १३० मीटरचा. ते न धरता आम्ही पाचही जणांनी पहिल्या फेकी निम्म्या वाटेत टाकल्या.

चढावर जोर लावला की हात आपोआप वर उचलला जातो आणि चकतीची पुढची कड, तिला आम्ही नाक म्हणतो, आभाळाकडे उभी राहते. नाक उभं राहिलं की चकती हवेत अडते, डावीकडे कलते आणि उतारावरून आपल्याच दिशेने परत येते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर झटकून, टाकणाऱ्याचं हे सांगते आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी. उपाय असा की चकती उताराला समांतर धरायची, नाक चढाला टेकवल्यासारखं. आणि लांब पल्ल्याची वेगवान चकती, म्हणजे ड्रायव्हर, पिशवीतच ठेवून मध्यम पल्ल्याची हलकी, तरंगणारी मिडरेंज काढायची. माझ्या बहिणीने तिसऱ्या फेरीला हेच केलं आणि आमच्यापेक्षा कमी जोरात आमच्यापेक्षा वर पोचली.

धावत येऊन फेकायची चौपाटीवरची सवय इथे सोडून द्या. चौथ्या होलवर आमचा एक मित्र तीन पावलं धावला, शेवटचं पाऊल सुट्या मुरमावर पडलं आणि घोटा मुरगळला. क्रेप बँडेज जवळ होतं म्हणून निभावलं. उरलेले होल तो काठी टेकत फिरला आणि गुण लिहीत बसला. उतारावर दोन्ही पाय रोवून, कमरेतून फिरून फेकायचं. अंतर थोडं कमी होतं, पण दिशा सुधारते.

आता त्या गडगडण्याविषयी, कारण सगळ्यात जास्त फेकी तिथेच वाया जातात. चकती चपटी पडली तर थांबते, कडेवर पडली तर पळते. म्हणून बांबूजवळ फेकताना ती उंचावरून आडवी खाली येईल अशी टाका. सरळ जोरात मारलेली चकती बांबूला लागून उसळते आणि कडेवर पडते. दुसरं, लक्ष्याच्या वरच्या अंगाला उभं राहून, उताराकडे तोंड करून पट, म्हणजे लक्ष्यावरची जवळची शेवटची फेक, करायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. चुकली की गेली खाली. आधीची फेकच अशी ठेवा की पट चढाकडे तोंड करून मिळेल, मग चुकलेली चकती मागच्या चढाला लागून तिथेच राहते. दहा मीटरच्या आत पट करताना चकती सुटल्यावर तोल सांभाळून उभं राहायचा नियम आहे. तोल सावरल्याशिवाय पाय पुढे टाकला तर चूक धरतात. उतारावर ते अवघड जातं, म्हणून मागचा पाय आडवा रोवा.

पाचवा होल घळीवरून, फारसं सांगण्यासारखं नाही. सहाव्यासाठी मात्र मी परत जाईन.

वरच्या कातळावर उभं राहिलं की समोर चंदेरीचा सुळका आणि डावीकडे माथेरानची लांबलचक भिंत. खाली, ९० मीटर पुढे आणि अंदाजे ३५ मीटर खोल, कुडाच्या झुडपांमागे आमची बास्केट, बोटाएवढी. पहिल्यांदा मी ड्रायव्हर टाकला तेव्हा वारा नव्हता. चकती सरळ निघाली, जमीन तिच्याखालून निसटून गेली आणि ती तशीच तरंगत राहिली. चौपाटीवर तीन सेकंदांत सगळं संपतं. इथे मी सात मोजले. मग ती सावकाश डावीकडे झुकत बास्केटच्या पलीकडच्या बांधावर उतरली. कुणी काही बोललं नाही. आम्ही नुसते बघत होतो.

अकरा वाजता दुसऱ्या फेरीला त्याच जागेवरून तीच चकती टाकली, तर ती उजवीकडे उलटून घळीत गेली. मामा मागे उभे होते. म्हणाले, "ताई, आता वारा फिरला. उन्हं तापली की खालून वर येतो. आम्ही उफणायला याच वेळेला उभे राहतो." त्यांनी गवताच्या दोन काड्या चुरून हवेत सोडल्या, त्या आमच्या तोंडावर आल्या. समोरून येणारा वारा चकतीला जास्त वेगाचा भास देतो, त्यामुळे ती उजवीकडे वळते. मग जड, हट्टाने डावीकडे जाणारी चकती काढावी लागते आणि नाक खाली ठेवावं लागतं. मामांनी आयुष्यात चकती हातात धरलेली नव्हती, पण त्या उताराचा वारा आमच्यापेक्षा त्यांना ठाऊक होता. म्हणून उताराचे होल सकाळी दहाच्या आत खेळून घ्या. आम्ही जानेवारीत क्रमच उलटा करणार आहोत : आधी वर चढून जायचं, मग खेळत उतरायचं.

आठवा होल एका आंब्याखाली आहे. चकती त्या आंब्यात अडकली तर झाड हलवू नका. पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी आहेत वर आणि त्या अंगावर पडल्या की कपड्यांतून निघत नाहीत. लांब काठीने ढोसून काढा.

त्याहून जपायचं ते खाजकुइलीपासून. घळीच्या कडेला वेलावर मखमली, तपकिरी शेंगा लोंबतात, हिवाळ्यात वाळतात आणि वाऱ्यानेही त्यांची कुसं उडतात. माझ्या मनगटाला नुसती एक शेंग घासली, तर तासभर आग होत होती. मामींनी ओलं शेण लावून वाळल्यावर खरवडून काढलं, तेव्हा कुठे आराम पडला. चोळू नका, चोळल्याने ती पसरते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड लांब पँट घाला. कुसळी गवत मोज्यांत घुसतं, ते वेगळंच. घोट्याच्या वर येणारे बूट असले तर त्यापासून बचाव होतो.

दगडाखाली किंवा जाळीत हात घालायचा नाही, आधी काठी फिरवायची. अशा उतारांवर फुरसं हा विषारी साप असतो आणि तो मुरमाच्याच रंगाचा असतो. चकती शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात, त्यानंतर ती हरवली धरायची आणि एक गुण दंड. इथे तो नियम जिवासाठीही चांगला आहे. प्रत्येक फेकीला एक जण पुढे, बाजूला, झाडाआड उभा करा. चकती कुठे टेकली हे वरून कधीच नीट दिसत नाही. गुरं आणि गुराखी खाली असले तर ते पुढे सरकेपर्यंत थांबा. १७५ ग्रॅमची धारदार कडेची चकती ३५ मीटर खाली येताना लागली तर डोकं फुटेल. चकत्या केशरी, गुलाबी घ्या. निळ्या आणि हिरव्या सावलीत हरवतात.

पाणी माणशी तीन लिटर, वर कुठेही मिळत नाही. जेवण मामींकडे : तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, ताक. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या वेळी विचारत न बसता घरात लागणारं काही घेऊन जा. निघताना बांबू उपटून, खड्डे बुजवून, फडकी मोजून परत आणली.

एक कळकळीने सांगते. मुंबईत डोंगर म्हटला की आधी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान डोळ्यांसमोर येतं. तिथे हा खेळ मांडू नका. ते राखीव जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे, वाट सोडून चकती शोधत फिरायची ती जागा नाही. कुणाच्या तरी गावाकडे वरकस पडून असते. विचारा, परवानगी घ्या, गवत कापून होऊ द्या.

आणि चकतीच्या आतल्या बाजूला मार्करने फोन नंबर लिहा. घळीत गेलेली माझी निळी चकती आम्ही तीन मिनिटं शोधून सोडून दिली होती. मंगळवारी संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. लहान मुलाचा आवाज, मागे गुरांच्या घंटा. "ताई, तुमची निळी ताटली घावली. मामांच्या वट्यावर ठिवलीय."