महाबळेश्वर ते जत, एकाच तक्त्यात: विज्ञान शिक्षकांसाठी मोफत ऑनलाइन कोर्स

शिक्षकांसाठी ऑनलाइन कोर्स म्हटलं की तासाभराचे व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी आणि प्रमाणपत्र. धडा कसा शिकवायचा हे शिक्षकांना माहीत असतंच. येत्या जूनमध्ये सहावी ते दहावीच्या विज्ञान शिक्षकांसाठी आम्ही जो मोफत कोर्स सुरू करतोय, त्यात ऑनलाइनचा उपयोग एकाच कामासाठी आहे: तोच प्रयोग वेगवेगळ्या गावांत करायचा आणि सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात आणायचे. सातारा-सांगली पट्टा यासाठी फार सोयीचा. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास उंचीवर, सांगली ५५० च्या. घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, जत-आटपाडीकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

पावसाळ्यात पर्जन्यमापक. एक लिटरची सरळ भिंतीची प्लास्टिक बाटली घ्या, निमुळता भाग कापून उलटा बसवा. तळ खडबडीत असतो, म्हणून बाटली सरळ व्हायला लागते तिथपर्यंत पाणी ओतून तिथेच शून्याची खूण करा. कमरेत आत गेलेली बाटली घेतली तर माप चुकतं. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं; शाळेला ती वेळ जमत नसेल तर कुठलीही एक ठरवा, पण रोज तीच पाळा. सोमवारच्या आकड्यात रविवारचाही पाऊस असतो, तशी नोंद करा. घाटमाथ्यावर मुसळधार पावसात बाटली एका दिवसात भरून वाहू शकते, तिथल्या शाळांनी दिवसातून दोनदा मोजायचं.

दिवाळीनंतर उत्कलनांक. पुस्तकात १०० अंश, वर्गात ९८, आणि मग मुलांना सांगितलं जातं की थर्मामीटर खराब आहे. बऱ्याचदा तो बरोबर असतो. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश. सांगलीत ९८ च्या आसपास, साताऱ्यात साडेसत्त्याण्णव, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णव.

पण थर्मामीटर आधी तपासायलाच हवा. बर्फ कुटून ग्लासभर घ्या, तो जेमतेम भिजेल एवढं पाणी घाला, ढवळत तीन-चार मिनिटं थर्मामीटर त्यात ठेवा. शून्याऐवजी १ दाखवला तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून १ वजा करा. मग पातेल्यात अर्धा लिटर पाणी, आणि थर्मामीटर दोऱ्याने टांगलेला. फुगा तळाला टेकला तर पाण्याचं नाही, भांड्याच्या तळाचं तापमान मिळतं. ६०-७० अंशांना भिंतीवर दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. मुलं तेव्हाच ‘उकळलं’ म्हणून ओरडतात. पारा किंवा लाल अल्कोहोल दोन मिनिटं एकाच जागी थांबलं की आकडा लिहा. तापाचा थर्मामीटर मुळीच घालू नका, तो ४२ च्या पुढे जात नाही.

सातारा आणि सांगलीतला फरक अर्ध्या-पाऊण अंशाचा. शाळेतला थर्मामीटर एवढ्यात सहज चुकतो, म्हणून त्या फरकावर मुलांशी वाद घालू नका. महाबळेश्वर आणि सांगलीतला अडीच-पावणेतीन अंशांचा फरक मात्र तक्त्यात दिसायलाच हवा. नाही दिसला तर बर्फाची पायरी कुणीतरी गाळलीय.

हिवाळ्यात सावली. मला स्वतःला हा पाठ सगळ्यात आवडतो. महाबळेश्वर आणि जत यांच्या रेखांशात दीड अंशाचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जतची मध्यान्ह सहा मिनिटं आधी होते. सगळ्यात आखूड सावली शोधून हे सापडत नाही, कारण मध्यान्हीच्या सुमारास सावलीची लांबी बदलतच नाही म्हणावं इतकी हळू बदलते. त्याऐवजी जुनी शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत वापरा. सपाट जमिनीवर ३० सेंटिमीटरची काठी ओळंब्याने उभी करा, तिच्याभोवती तीन वर्तुळं काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल ती वेळ आणि दुपारी परत टेकेल ती वेळ. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे मध्यान्ह. काठी उंच घेतली तर टोक पुसट होतं. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका, मोबाइलची वेळ घ्या, नाहीतर सहा मिनिटं घड्याळाच्या चुकीतच हरवतील. आणि शनिवारी हा प्रयोग नको: सकाळच्या शाळेत दुपारची खूण मिळत नाही. साताऱ्यात मध्यान्ह वर्षभरात साधारण १२:१८ ते १२:४८ यांच्यामध्ये सरकते, त्यामुळे सगळ्या शाळांनी मोजमाप एकाच दिवशी करायचं.

शनिवारची दुपार आम्ही चर्चेसाठी ठेवलीय. गूगल मीटच्या मोफत खात्यात १०० जण आणि एक तास एवढीच मर्यादा असल्याने दोन गट करतोय. व्हिडिओ चार-पाच मिनिटांचे, आधी उतरवून ठेवता येतील असे. आकडे गूगल फॉर्ममधून, इंग्रजी अंकांत भरायचे, नाहीतर सरासरी काढताना गोंधळ होतो. फोटो फॉर्ममध्ये मागवले तर शिक्षकाला गूगल खात्यात शिरावं लागतं आणि आमच्या ड्राइव्हची १५ जीबी जागा भरत जाते, म्हणून शाळेमागे मांडणीचा एकच फोटो, तोही व्हॉट्सॲपवर.