हितोत्सु म्हणजे एक

बेळगाव. आषाढातली संध्याकाळ.

सकाळपासून झड लागलीय. कराटेच्या हॉलची शहाबादी फरशी घाम फुटल्यासारखी ओली. म्हणून आधी पोछा, आणि तो मुलांनीच मारायचा. काही पालकांना हे खटकतं. पण आपल्याकडच्या तालमीत माती उकरायचं काम पैलवानच करतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. फरशी ज्यानं पुसली, त्याला ती कुठं निसरडी आहे हे पाय टाकायच्या आधीच ठाऊक असतं.

शोतोकान या कराटेच्या शैलीत दोजो-कुन, म्हणजे सरावाच्या जागेची शिस्त, यात पाच नियम आहेत आणि प्रत्येकाची सुरुवात 'हितोत्सु' म्हणजे 'एक' अशीच होते. दुसरा, तिसरा नंबर कुणालाच नाही. सरावातल्या गोष्टींनाही मी हाच हिशेब लावतो.

हिकिते, म्हणजे मागे खेचायचा हात, घ्या. ग्याकु-झुकी (पुढच्या पायाच्या उलट्या हाताचा ठोसा) मारताना सगळ्यांचं लक्ष पुढच्या मुठीवर. मागे येणारा हात कुठं तरी पोटाजवळ लोंबकळतो. तो कंबरेच्या वर, बरगडीला घासत, तळवा वर ठेवून पुढच्या हाताबरोबरच पोचायला हवा. उशिरा आला की कंबर अर्धीच फिरते आणि पंच नुसत्या खांद्याचा होतो. कोपर बाहेर फाकलं तर मूठ वाकड्या वाटेनं जाते. मागची टाच उचलली तर जमिनीचा आधारच सुटतो. मनगट किंचित वाकलेलं असलं तर हवेत ते कळत नाही, माकिवारावर (ठोसे मारायच्या खांबावर) पहिल्याच ठोशाला कळतं. म्हणून तिथं सुरुवातीला दोन्ही हातांनी दहा-दहाच, हलके, पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर.

हेआन शोदान हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, तर पिवळा बेल्ट मिळाला की अडगळीत जातो. कराटेचे जुने गुरू इतोसू आन्को यांनी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळकरी पोरांसाठी 'पिनान' म्हणून बसवलेला हा काता. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी त्याला 'हेआन' नाव दिलं. 21 हालचाली, किआई (जोराची आरोळी) 9 व्या आणि 17 व्या हालचालीला. खरी परीक्षा वळणांची. दुसऱ्या हालचालीनंतर 180 अंशात वळताना उजवा पाय नुसता मागे नेला, तर दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि कुणी नुसता हात लावला तरी माणूस ढळतो. पाय बाजूलाही सरकला पाहिजे, खांद्याइतकी रुंदी राहिली पाहिजे. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून लांब पावलावर उभं राहताना, तो गुडघा आत पडू द्यायचा नाही, तो अंगठ्याच्या दिशेनंच. नाहीतर आतल्या बाजूनं तो दुखायला लागतो.

फरशीवर खडूची फुली मारून सुरुवात करावी. शेवटी पाय फुलीवर आले नाहीत, तर कुठलं तरी पाऊल आखूड पडलंय. ते शोधायला अख्खा तास गेला तरी चालेल.

ड्रेस मात्र दोन दिवस वाळणार नाही. उद्याही पाऊस असाच राहिला तर पावलं थोडी आखूड, वेग कमी, आणि फक्त वळणं.