पन्नास रुपयांची पिग्मी आणि माझं कमिशन

पिग्मी एजंट म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी टाइमपास काम असणार, दुपारचं जेवून झालं की बाजारात एक फेरी मारायची आणि घरी येऊन झोपायचं. मी मालवणात हे काम बरीच वर्षं करतेय आणि एवढंच सांगते की कुणाच्या घरात पैशाचं काय चाललंय ते सगळ्यात आधी पिग्मीवालीला कळतं. रोज शंभर देणारा अचानक वीसवर आला की समजायचं, पोराची फी आली नाहीतर कोणतरी आजारी आहे. विचारायचं नाही. वीसची पावती काढायची आणि पुढच्या दुकानात जायचं.

शहरातल्या नवीन पोरांना पिग्मी माहीत नसते म्हणून सांगते. रोज एजंट तुमच्याकडे येणार, तुम्ही दहा, वीस, पन्नास जे काय देताय ते देणार, मशीनवर पावती निघणार आणि वर्षानं सगळे एकदम हातात. ही आयडिया आपल्याच किनाऱ्यावरची, फक्त खाली उडुपीची. तिथे हातमागवाले विणकर अडचणीत होते, त्यांना हात द्यायला डॉ. टी. एम. ए. पै वगैरे मंडळींनी १९२५ मध्ये एक छोटी बँक काढली आणि १९२८ पासून घरोघरी जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. त्याचीच पुढे सिंडिकेट बँक झाली, २०२० मध्ये ती कॅनरा बँकेत गेली. बँक गेली पण पिग्मी राहिली, आता गल्लोगल्ली पतसंस्थांची आहे.

आता हिशोब. माझ्याकडे एक मासेवाली काकी आहे, रोज पन्नास देते. खाडा न करता वर्षभर दिले तर होतात १८,२५०. त्याच्यावर व्याज समजा ४ टक्के, पण पैसे हळूहळू साठतात ना, पहिल्या दिवसाचे पन्नास वर्षभर राहतात आणि शेवटच्या दिवसाचे एक दिवस, म्हणजे सरासरी धरली तर साधारण नऊ हजारावरच व्याज मिळतं. झाले ३६५ रुपये. आणि माझं कमिशन ३ टक्के, ते भरलेल्या प्रत्येक रुपयावर, म्हणजे जवळजवळ ५४७. म्हणजे काकीच्या पैशावर काकीपेक्षा मी जास्त कमावते! हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मलाच कसंतरी झालं. मधेच पैसे काढले तर विचारूच नका, सहा महिन्यांच्या आत खातं मोडलं तर बऱ्याच ठिकाणी व्याज नाहीच, वर काहीतरी कापून घेतात.

मी काकीला सरळ सांगितलं हे. लपवायचं कशाला. तिने आधी विचारलं, "तुका किती गावतत?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "मगे काय? तू उन्हातान्हातसून येतंस, मी हंयसर बसलंय." आणि मग बांगड्यावर बर्फ मारता मारता म्हणाली, "घराक न्हेलंय तर रवतले काय ते?"

तिचं हे वाक्य म्हणजे सगळी पिग्मी. लिलावात घेतलेल्या टोपलीचे पैसे फेडून संध्याकाळी तिच्या कनवटीला जे उरतं त्याच्यावर घरातल्या चार जणांचा डोळा असतो, नवऱ्याचा आहे, पोराला बाईकमध्ये पेट्रोल टाकायचंय, शेजारीण उसने मागायला बसलेली आहे. आणि ती नाही म्हणू शकत नाही, कारण पैसे दिसतायत. मी चारला येते आणि पन्नास उचलून नेते, मग ती खुशाल सांगते की पिग्मीवाली घेऊन गेली. म्हणजे नाही म्हणायचं काम माझ्यावर. संस्था मला पैसे गोळा करायचं कमिशन देते, पण काकी व्याज सोडून देते ते ह्याच्यासाठी असं माझं मत झालंय.

माझा भाचा ठाण्याला असतो, आयटीत आहे, गणपतीला आला की मला फायनान्स शिकवतो. मावशी ह्या लोकांना एसआयपी लावून दे, म्हणजे म्युच्युअल फंडात महिन्याला पाचशे, खात्यातून आपोआप कट होतील, तुला फिरायला पण नको. बरोबर आहे त्याचं, परतावा बघितला तर पिग्मी कुठेच बसत नाही. पण हे आपोआप कट होणं पगारवाल्यांसाठी आहे. इकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद, स्कुबावाली पोरं घरी बसलेली, आणि एसआयपीची तारीख ५ जून. खात्यात पैसे नाहीत म्हटल्यावर बँक दंड लावणार, ओळीनं तीन हप्ते चुकले की एसआयपीच बंद. पिग्मीत काकी म्हणते, "आज काय्येक नाय, उद्या ये", आणि मी जाते. दंड नाही काही नाही. भाचा म्हणतो हा शिस्तीचा अभाव आहे. मी म्हणते जून महिन्यात समुद्राला शिस्त शिकव आधी.

खरं तर आमच्या इथलं वर्ष महिन्यांवर चालतच नाही. मे महिन्यात कलेक्शन एकदम वर जातं, टुरिस्ट असतात, आंबा असतो, आणि त्याच महिन्यात लोक काढतात पण, कारण आगोट भरायची असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, छपरावर टाकायला प्लास्टिक. जूनला शाळा. मग नारळी पौर्णिमेपर्यंत मंदी, आणि गणपतीच्या आधी परत सगळे काढायला रांगेत उभे. आंगणेवाडीच्या जत्रेची तर मजाच, तिची तारीख ठरलेली नसते, देवीचा कौल झाला की कळते, त्यामुळे खाजं-लाडूवाले आणि खेळणीवाले तारीख जाहीर झाली की माल भरायला लगेच पैसे मागतात आणि जत्रा झाली की दुप्पट आणून देतात. महिन्याचं बजेट बनवा, पगाराच्या वीस टक्के बाजूला काढा असं सांगणारे व्हिडिओ मी पण बघते. पगार कुठला, हे कोणी सांगत नाही.

जीपेमुळे मात्र घोळ झालाय. आधी दुकानदाराच्या गल्ल्यात नोटा असायच्या, त्यातली एक मला मिळायची. आता निम्मं गिऱ्हाईक स्कॅन करून जातं, पैसे थेट खात्यात आणि मला ऐकायला मिळतं, ताई कॅशच नाही. मग विचारतात तुझ्या नंबरवर टाकू का. नाही! कुठल्याच एजंटच्या पर्सनल नंबरवर टाकू नका, माझ्यापण नाही, संस्थेचा क्यूआर असेल तरच. पावती किंवा मेसेज तिथल्या तिथे बघा आणि पासबुक अधूनमधून ऑफिसात नेऊन भरून घ्या, एजंट कितीही ओळखीचा असला तरी. आणि बँक आहे का पतसंस्था आहे हे विचारा. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी फक्त १ लाख होता. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. बोर्डावर लक्ष्मीचा फोटो दोघांच्याही असतो, त्यावरून काही कळत नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर पगार मलाही नाही. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकांसाठी असं घरोघर कलेक्शन करणाऱ्यांना वर्कमन, म्हणजे कायद्याने कामगार मानलं, ऐकायला भारी वाटतं, पण पतसंस्थेच्या एजंटला सुट्टी घेतली की शून्यच. जुलैत धो धो पावसात रेनकोट घालून फिरायचं, मशीन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि निम्मी दुकानं बंद. माझं उत्पन्न काकीच्या उत्पन्नाबरोबरच खाली येतं, लाईट बिल मात्र खाली येत नाही.

आणि हो, माझीपण एक पिग्मी आहे. दुसऱ्या संस्थेचा एक मुलगा संध्याकाळी घरी येतो, त्याच्याकडे देते. माझ्याच संस्थेत माझ्याच हाताने भरून बघितले होते, पण स्वतःला उद्या ये सांगणं फार सोपं असतं. व्याजाचं गणित मला पाठ आहे, त्या मुलाचं कमिशन किती तेही माहीत आहे, तरी देते. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही, हे वाचलं तर कळेलच त्याला.