‘वाचले म्हणे’चा रकाना

माझ्या हिशेबाच्या वहीत 2019 पासून एक जादा रकाना आहे: ‘वाचले म्हणे’. कुपनवर काही काम करून घेतलं की मेसेज येतो, ‘अभिनंदन! तुमचे इतके रुपये वाचले.’ तो आकडा त्या रकान्यात, आणि शेजारी खरा खर्च.

पहिली नोंद पार्लरची. दिवाळीआधी ठाण्याच्या एका पार्लरचं कुपन घेतलं होतं. फेशियल, वॅक्सिंग, हेअर स्पा; 3,000 चं पॅकेज 799 ला. वाचले म्हणे 2,201. शनिवार-रविवार चालत नाही, म्हणून अर्धी रजा टाकून डोंबिवलीहून गेले. (रजा वहीत धरलेली नाही.) खुर्चीत टेकते न टेकते तोच मुलगी म्हणाली, “मॅम, टॅन खूप आहे. आधी डी-टॅन नाही केलं तर ग्लो दिसणार नाही.” 400. माझे केस कमरेपर्यंत आणि कुपनमधला स्पा खांद्यापर्यंतच्या केसांचा, म्हणून 300. डिस्पोजेबल किटचे 100. वरच्या 800 वर जीएसटी 144, कारण तेव्हा पार्लरला 18 टक्के होता. 5 टक्के झाला तो सप्टेंबर 2025 मध्ये. रिक्षा 120, टिप 50. एकूण 1,913. तोंडाला पॅक फासलेली बाई घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आमच्या गल्लीत फेशियल आणि वॅक्सिंग मिळून 1,100 होत होते. हेअर स्पा मी त्याआधी कधी केला नव्हता, नंतरही नाही.

गल्लीतल्या पार्लरवाल्या ताईंना हे सांगितलं तर त्या खो खो हसल्या. त्यांनीही पूर्वी एका साइटवर कुपन लावलं होतं. “अहो वहिनी, हजाराचं काम पाचशेला द्यायचं, त्यातले निम्मे साइटचे. माझ्या हातात अडीचशे. त्यात क्रीम आणू, की पोरीचा पगार देऊ?” मग कुपनवालीचं फेशियल पाऊण तासात उरकायचं, नेहमीच्या बाईचं सव्वा तास. पन्नासेक नवीन बायका आल्या, त्यातल्या दोघी टिकल्या. आणि ताईंना सगळ्यात जास्त लागलं ते हे की जुन्या गिऱ्हाइकांनीही तेच कुपन फोनवर पुढे केलं.

निम्म्याचा हा हिशेब काही ताईंच्याच वाट्याला आलेला नाही. 2008 मध्ये शिकागोत ग्रुपॉन ही कुपनं विकणारी साइट सुरू झाली तीही साधारण याच वाटणीवर. पहिलं कुपन त्यांच्या ऑफिसच्याच इमारतीतल्या बारमधल्या पिझ्झाचं, एकाच्या पैशात दोन. आपल्याकडे 2013 च्या सप्टेंबरात, कांदा डोळ्यांतून पाणी काढत होता तेव्हा, ग्रुपॉनने 9 रुपये किलोने कांदा विकला होता. कांदा म्हणजे काही सेवा नव्हे, पण कुपनवाल्यांचं नाव घरोघर पोचलं ते अशानेच.

वहीत खरी बचतही आहे, उगाच खोटं कशाला बोलू? एसी सर्व्हिसिंगचं 399 चं कुपन. मुलगा आला, फिल्टर धुतला, जेट मारला आणि म्हणाला, “काकू, गॅस कमी आहे. 2,800 होतील.” माझा भाऊ फ्रिज-एसीचीच कामं करतो, त्याचं बोलणं कानात बसलेलं: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, पाइप बंद असतात, कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणार. मी म्हटलं, “गळती कुठे ते दाखव, मग भरू.” मुलाने फोन काढला, कुणाशी तरी बोलला, आणि “चालेल अजून एक सीझन” म्हणून निघून गेला. एसी तीन उन्हाळे चालला. त्या ओळीत ‘वाचले म्हणे’ ते खरंच वाचले. वहीभर शोधूनही अशा ओळी चारच सापडल्या.

याउलट तीन ओळींत खर्च आहे आणि काम कोरं. पायांचा मसाज, दात साफ करणं, सोफा धुणं. पैसे आधीच भरलेले आणि मुदत संपून गेली. मसाजचं कुपन तर मी मावशींना भेट दिलं होतं. त्यांनी ते कुपन नीट घडी घालून देवघरात ठेवलं.

परवा आमच्या ह्यांनी दोघांच्या बुफेचं कुपन घेतलं, 1,198 ला. सोमवार ते गुरुवार, फक्त दुपारी, 31 तारखेपर्यंत. दोघंही नोकरीला. नाही गेलो तर पैसे बुडतात, म्हणून रजा कुणी टाकायची यावर सध्या घरात बोलणी चालू आहेत.