न्हाणी ट्रॅपमधलं केसांचं घरटं

गेला आठवडाभर आंघोळीला उभं राहिलं की पाणी घोट्यापर्यंत चढायचं. आमच्या कोथरूडच्या घरातल्या बाथरूमचा उतार आधीच उलटा, त्यामुळे ते दाराबाहेर यायला बघायचं. सासूबाई म्हणाल्या, "अ‍ॅसिड ओत." मी नाही म्हटलं. घरात ब्लीचिंग पावडरही असते. चुकून दोन्ही एकत्र झाली तर क्लोरीन वायू तयार होतो.

रविवारी स्क्रूड्रायव्हरने न्हाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाची, स्टीलची जाळी उचकटली, आतली वाटी काढली. तिच्याभोवती साठलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं, म्हणून ती परत बसवायचीच. पण खाली! माझे लांब केस, लेकीची रबरबँड आणि त्यावर पांढरट, चिकट थर. टँकरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळलं की हा न विरघळणारा साका होतो. केस त्याला धरून ठेवतात. जुन्या हँगरची तार वाकवून आकडा केला आणि ओढलं. हातभर शेपूट आलं, उंदरासारखं. लेक किंचाळून पळाली, सासूबाई मात्र चष्मा लावून बघायला आल्या.

मग दोन बादल्या कोमट पाणी. गुडगुड झाली, सुर्रकन गेलं. "सगळे तुझेच केस," सासूबाई म्हणाल्या. त्यात चार पांढरेही होते, मी बोलले नाही.