सहावी नळी

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेतून फोन आला. वाटलं, स्नेहसंमेलन, सहल असलं काही आठवेल. आठवली ती आठवी ‘ब’च्या खिडकीतली सहा परीक्षानळ्यांची रांग.

साल १९८६. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. विज्ञानाच्या बाईंनी (नाव लिहीत नाही, आमच्या बॅचला सांगायची गरज नाही) चित्रकलेच्या सरांकडून निळ्या पोस्टर कलरची बाटली मागून आणली आणि वाटीत रंग कालवला. पहिल्या नळीत एक ड्रॉपर रंग, नऊ ड्रॉपर पाणी. त्यातलं एक ड्रॉपर दुसऱ्या नळीत, वर पुन्हा नऊ ड्रॉपर पाणी. असं सहा वेळा. दर नळीला रंग दहापट फिका. सहावीत दहा लाखांत एक भाग, हे बाईंनी फळ्यावर शून्यं मांडून दाखवलं. आम्हाला तेव्हा दहा लाख म्हणजे फक्त लॉटरी!

रंगाचा ड्रॉपर वेगळा, पाण्याचा वेगळा, अशी सक्त ताकीद होती. पाचव्या नळीपर्यंत सगळं नीट चाललं. चौथीत निळसर झाक, पाचवी जवळपास पांढरी. सहावी माझ्या वाट्याला आली, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. घाईत मी वाटीतला ड्रॉपर उचलला आणि त्यानेच पाणी भरलं. सहावी नळी पाचवीपेक्षा निळी! वर्ग खिदळला. मी रडकुंडीला आले.

बाई रागावल्या नाहीत, हे खोटं लिहिणार नाही. चांगल्याच रागावल्या. सुट्टीत थांबवून सहावी नळी पुन्हा करायला लावली. मग पाचवी हातात देऊन म्हणाल्या, “आडवी बघू नकोस. खाली कोरा कागद धर आणि तोंडातून आत बघ.” बघितलं तर तळापर्यंत पुसट निळं! बाजूने बोटभर पाणी, वरून चार बोटं. जितकं खोल पाणी, तितका रंग जास्त दिसतो. सहावीत मात्र वरूनही काही दिसलं नाही. “नाही असं म्हणायचं नाही, दिसत नाही म्हणायचं,” बाई म्हणाल्या.

पुढे मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले, तिथे नेस्लर ट्यूब दिसल्या. लांब नळ्या, खाली पांढरी फरशी, आणि रंग जुळवायचा तो वरून बघून. मला कुणी शिकवावं लागलं नाही. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक. माझी सहावी नळीच ती. बोअरच्या पाण्याचा नमुना मोजणीच्या पट्टीबाहेर गेला की आम्ही तो दहापट पातळ करतो आणि आकड्याला दहाने गुणतो.

परवा नवीन लागलेल्या मुलीचा पातळ केलेला नमुना मूळ नमुन्यापेक्षा जास्त आकडा दाखवायला लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, “ड्रॉपर कुठला उचललास गं?”

ती पिपेट हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.