आमचे हात खंय धरलास?

शनिवार, रात्रीचे दहा

मुलांनी केलेल्या आमसुलाच्या 22 पाकिटांपैकी 14 विकली गेली. उरलेली 8 परत शाळेच्या कपाटात ठेवली. मुलांचे चेहरे पडलेत. मला मात्र आजचा दिवस फार मोलाचा वाटतोय, म्हणून झोपायच्या आधी लिहायला बसले.

सुरुवात मेमधली. सुट्टी लागली होती तरी आठवीतली अकरा मुलं रोज यायची. वाडीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष काकींनी आपलं खळं आम्हाला दिलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मुलांनीच जमवले, कुणी परसातून, कुणी पाणंदीच्या कडेने. 40 किलो भरले. फोडायचे, बी आणि गर बाजूला करायचा, साली उन्हात घालायच्या, मग मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. अशी सात पुटं. आठवडाभर सगळ्यांचे हात जांभळे. सहाव्या पुटाला आभाळ भरून आलं आणि सगळा माल उचलून पडवीत घेताना जी धावपळ झाली, तिच्यातून मुलं जे शिकली ते मी फळ्यावर शिकवू शकले नसते. हाती आलं साडेपाच किलो आमसूल. पाव किलोची 22 पाकिटं.

मग हिशेब. मीठ, पिशव्या, लेबलं मिळून 500 रुपये. पाकीट 60 ला विकलं तर 1320. नफा 820. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘शाब्बास’ लिहिलं. ही माझी चूक, आणि ती मला विसरायची नाही.

काकी दारात उभ्या राहून फळा वाचत होत्या. म्हणाल्या, “ह्या सगळा धरलास रे पोरांनो, पण आमचे हात खंय धरलास?”

वर्गात कुणी बोलेना. गटातल्या तिघीजणींनी खळ्यात बसून निम्म्याहून जास्त काम केलं होतं, आणि ते आमच्या कागदावर कुठेच नव्हतं. त्यांच्यापैकी एकीची मुलगी माझ्याच वर्गात आहे. तिने घरी जाऊन आईला तास विचारले. आई हसली म्हणे. “माका कसली मजुरी गो? घरचाच ता काम.” पोरीने तरी पिच्छा सोडला नाही. तिघींचे मिळून 26 तास निघाले. आमच्याकडे दुसऱ्याच्या शेतावर गेलेल्या बाईला आठ तासांचे 300 मिळतात, म्हणजे 975 रुपये. मग एकाला सुचलं की रातांबेही फुकटचे नाहीत, दारात येणारा व्यापारी 25 रुपये किलोने नेतो. हजार आणखी. एकूण 2475. एका पाकिटाला एकशे साडेबारा रुपये नुसता खर्च! 60 ला विकून आम्ही कमावणार नव्हतो, आयांच्या घामावर सूट देणार होतो. किंमत 120 ठरली. मुलांचे स्वतःचे तास धरले नाहीत, ती शिकत होती.

कोकण मनीऑर्डरवर चालतं, असं आमच्या लहानपणी सगळेच म्हणायचे. कमाई म्हणजे मुंबईहून येते ती. इथे जे होतं ते ‘घरचं’. आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल), काजू सोलणं, सगळं घरचं. मुलांना उद्योग शिकवायचा तर आधी या शब्दापाशी थांबायला हवं, असं मला आता ठाम वाटतं.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून हेच रुजवलं. मुलांनी गावाचं खरं काम करायचं आणि त्याचे खरे पैसे घ्यायचे. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ बसून शिकण्यासाठी. माझा आग्रह इतकाच की त्या माणसांना ‘प्रात्यक्षिक दाखवणारे’ म्हणून बोलावू नये. ते शिक्षक आहेत. एक संस्था आमच्याकडेही आली होती, टी-शर्ट वाटले, फोटो काढले, पुन्हा फिरकली नाही. याउलट नाक्यावरच्या किराणा दुकानदाराने मुलांना सरळ नाही म्हटलं. “120 ला मी घेतलं तर विकू कितीला? मला घाऊक बाजारात स्वस्त मिळतं.” अर्धा तास त्याने भाव, उधारी, पडून राहिलेला माल समजावून सांगितला. माल घेतला नाही, पण आमचा खरा भागीदार तोच. आणि काकी. खाद्यपदार्थांच्या नोंदणीचा चौदा आकडी नंबर गटाचा आहे, म्हणून माल त्यांच्या नावाने निघाला. लेबलावर ‘भौगोलिक मानांकन’ (माल ठरावीक भागातलाच, ही सरकारी ओळख) छापायचा मुलांचा हट्ट होता. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते 2016 मध्ये मिळालंय खरं, पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ती आमच्याकडे नाही. लेबल पुन्हा छापलं.

आज एसटी स्टँडबाहेर टेबल मांडलं. गणपतीसाठी चाकरमानी उतरत होते. गावातल्या एका काकांनी पाकीट उलटसुलट केलं. “120? आमच्या घरात ढीग पडलाय.” आमचा एक मुलगा अगदी साधेपणाने विचारता झाला, “घरी कोण करतं, काका?” ते म्हणाले, “आई.” पाकीट खाली ठेवून गेले. डोंबिवलीहून आलेल्या एका बाईंनी चार घेतली. त्यांच्या सासूबाई करायच्या, आता घरात करणारं कुणी नाही. जिथे करणारे हात उरले नाहीत तिथेच या मालाची किंमत कळते, हे मुलांनी वहीत लिहिलं. मी सांगितलं नव्हतं.

1680 रुपये जमले. 500 खर्चाचे बाजूला काढून संध्याकाळी आम्ही मजुरी द्यायला खळ्यात गेलो. मुलांनी कागद आखला होता, नाव, तास, रक्कम, सही. त्या मुलीच्या आईच्या नावापुढे 9 तास लिहिले होते. तिने सहीसाठी पेन हातात घेतलं, थोडी थांबली आणि 9 खोडून 11 केलं.

“कावळे हाकलूक बसलंय दोन तास. ता कोणी धरूक नाय.”

26 चे 28 झाले. 75 रुपये जास्तीचे दिले. सोमवारी फळ्यावर हिशेब नव्याने मांडायचाय.